उसन्या सायकलवरून तिरुवनंतपुरम

बँक अधिकाऱ्याच्या आयुष्यात बदलीचा आदेश ऋतुचक्राइतकाच नियमित असतो. दर तीन-चार वर्षांनी नवे गाव, नवी शाखा आणि पुष्कळदा नवी भाषाही वाट्याला येते. नव्या गावी पहिले काही महिने आपल्या ओळखीचे पत्ते दोनच असतात, घराचा आणि शाखेचा. त्या दोहोंना जोडणारी बस किंवा रिक्षा ठरून जाते. उर्वरित शहर खाते उघडण्याच्या अर्जातील पत्त्याच्या रकान्यातच भेटत राहते. केरळची राजधानी तिरुवनंतपुरम येथे नियुक्ती झाल्यावर माझी स्थिती याहून वेगळी नव्हती. ते शहर रकान्याबाहेर काढून प्रत्यक्ष दाखवण्याचे काम एका जुन्या, काळ्या, बावीस इंची सायकलने केले. ती सायकलही माझी नव्हती.

जांभ्याच्या टेकड्या

तिरुवनंतपुरम सात टेकड्यांवर वसले आहे, असे तेथे सांगितले जाते. प्रत्यक्ष मोजू लागल्यास सातावर थांबणे कठीण. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सह्याद्रीची दक्षिणेकडील रांग आणि या दोहोंच्या मध्ये लहानमोठ्या टेकड्यांचा पट्टा अशी या शहराची रचना आहे. टेकड्या जांभ्या दगडाच्या. माथ्यावर बऱ्याच सपाट आणि कडांना उतरत्या. कोकणातील वाचकाला हा दगड परका वाटणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घरे ज्या चिऱ्यांनी बांधली जातात, तोच हा दगड. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, तेही केरळातीलच अंगाडिपुरम परिसरात तो पाहून.

शहराच्या नकाशावर रस्ते सपाट रेषांसारखे दिसतात. चढउतार दाखवण्याचे काम तेथे स्थळनामे करतात. मल्याळममध्ये ‘कुन्नु’ म्हणजे टेकडी आणि ‘कुळी’ म्हणजे खळगा. कनकक्कुन्नु ही सोन्याची टेकडी. कुन्नुकुळी या वस्तीच्या नावात टेकडी आणि खळगा दोन्ही आहेत आणि तेथून सायकल काढणाऱ्याला त्या नावाची यथार्थता पहिल्या शंभर पावलांत पटते. पुळिमूड म्हणजे चिंचेचा बुंधा, वेळ्ळयंबलम म्हणजे पांढरे देऊळ आणि पाळयम म्हणजे लष्करी छावणी. रस्ता विचारावा तर उत्तरात दोन शब्द हमखास कानी पडतात : ‘कयट्टम’, अर्थात चढ, आणि ‘इरक्कम’, अर्थात उतार. मल्याळममधील हे माझे पहिले दोन शब्द. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ पुढे यथावकाश आले.

तारणाविना कर्ज

सायकल आमच्या घरमालकांची. महालेखापालांच्या कार्यालयातून ते निवृत्त झालेले. मी त्यांना तेथील रीतीप्रमाणे ‘सार’ म्हणत असे. सेवाकाळात तीस वर्षे ते याच सायकलने कचेरीत गेले होते. गुडघ्यांनी साथ सोडल्यानंतर ती जिन्याखाली उभी होती; मात्र दर रविवारी तिला तेल दिले जाई. एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी किल्ली माझ्या हाती ठेवली. तारण नाही, जामीन नाही, मुदतही नाही. अटी मात्र तीन होत्या. चेनला दर रविवारी तेल द्यायचे. सायकल उन्हात उभी करायची नाही. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची : तीव्र चढावर पायडलवर उभे राहून जोर लावायचा नाही, मुकाट्याने खाली उतरून चालायचे.

या तिसऱ्या अटीमागे व्यवहारज्ञान होते. अशा सायकलला गिअर नसतात. पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण पाच मीटर पुढे जाते. सपाटीवर ते सोयीचे, पण चढावर तेवढेच अंतर पायांना जड होते. संपूर्ण देहभार पायडलवर टाकल्यास जुन्या चेनची कडी तुटण्याचा धोका असतो. उतारालाही शिस्त लागते. सळईने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकचे रबर पोलादी रिमवर घासते आणि रिम ओली असेल तर ते घसरते. नैऋत्य मोसमी पाऊस जूनच्या आरंभी प्रथम केरळातच दाखल होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस पुन्हा येतो. म्हणजे वर्षातील बराच काळ रिम ओलीच. अशा दिवसांत उतारावरही खाली उतरून, सायकल हातात धरून चालणे हेच शहाणपणाचे.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकांसाठी थोडी आकडेमोड. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन ४० मीटर उंच टेकडीवर नेण्यास सुमारे आठ किलोकॅलरी इतके कार्य घडते. मानवी शरीर खर्चिलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच अशा कामात उतरवू शकते. त्यामुळे प्रत्यक्ष खर्च बत्तीस किलोकॅलरींच्या आसपास येतो. चहातील दोन चमचे साखर जवळजवळ इतकीच ऊर्जा देते. सकाळी सात वाजता माथ्यावरच्या टपरीत चहाचा पेला हाती आला की हा हिशेब तिथल्या तिथे चुकता होतो.

पुतळ्यापर्यंतचा चढ

तिरुवनंतपुरमचा इतिहास सायकलवरून वाचायचा असेल तर प्रारंभ किळक्के कोट्टा, म्हणजे पूर्वेकडील कोटद्वारापासून करावा. १७५० साली मार्तंड वर्मा यांनी आपले त्रावणकोरचे राज्य श्रीपद्मनाभाच्या चरणी अर्पण केले आणि १७९५ मध्ये राजधानी पद्मनाभपुरमहून येथे आली. मंदिराचे सात मजली गोपूर, पद्मतीर्थ सरोवर आणि छपराच्या वळचणीला लाकडी घोड्यांची रांग कोरलेला कुतिरमाळिका वाडा हे सारे या सखल भागात आहे. शेजारीच दिवाण राजा केशवदास यांनी वसवलेली चाला बाजारपेठ. देव, राजा आणि व्यापारी तिघेही प्रथम पायथ्याशी होते.

तेथून महात्मा गांधी मार्गाने उत्तरेकडे निघाले की ओव्हरब्रिज आणि पुळिमूडवरून रस्ता चढत जातो. एकोणिसाव्या शतकात राज्यसत्तेनेही हाच चढ चढला. माथ्यावर १८६९ साली पूर्ण झालेली, विल्यम बार्टन यांनी आराखडलेली शुभ्र इमारत आहे. आज ते राज्याचे सचिवालय. पूर्वीची हुजूर कचेरी. हा शब्द मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इमारतीसमोर एक पुतळा आहे आणि त्यावरूनच या चौकाला सारे शहर ‘स्टॅच्यू’ म्हणते. बसवाहक दिवसातून शेकडो वेळा हे नाव पुकारतो. पुतळा कोणाचा, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

तो पुतळा सर टी. माधवराव यांचा आहे. तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यात, कुंभकोणम येथे १८२८ साली त्यांचा जन्म झाला. १८५८ ते १८७२ या काळात ते त्रावणकोरचे दिवाण होते. त्यांनी व्यापारातील सरकारी मक्ते मोडले, अनेक किरकोळ कर रद्द केले आणि १८६३ पर्यंत राज्य कर्जमुक्त केले. पुढे ते इंदूरचे आणि त्यानंतर १८७५ ते १८८२ पर्यंत बडोद्याचे दिवाण झाले. बालवयातील सयाजीराव गायकवाड यांच्या राज्याची घडी त्यांनीच बसवली. राजा रविवर्मा यांना आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढण्याची सूचना करणारेही तेच. ती सूचना रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढून अमलात आणली आणि लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातील घराघरांत भिंतीवर आल्या. बँकेत काम करणाऱ्या माणसाने ज्यांच्यासमोर क्षणभर सायकल थांबवावी असे हे गृहस्थ आहेत. शिवाय चढ नुकताच संपलेला असल्याने थांबण्यास निमित्तही लागत नाही.

माथ्यावरचे ज्ञान, माथ्यावरचे पाणी

पुढे पाळयमला मशीद, गणपतीचे देऊळ आणि सेंट जोसेफ कॅथेड्रल एकाच चौकाच्या आसपास आहेत. तेथून जवळच वेधशाळेची टेकडी. संगीतज्ञ राजा स्वाति तिरुनाळ यांनी १८३७ साली येथे वेधशाळा स्थापिली आणि जॉन कॅल्डेकॉट यांना तिचे प्रमुख नेमले. सायकल हातात धरूनच हा चढ चढावा लागतो. वर पोचल्यावर मागे वळून पाहिले तर नारळीच्या शेंड्यांमधून कौलारू छपरे आणि नव्या इमारती मिसळलेल्या दिसतात.

या टेकडीवर पाण्याच्या टाक्याही आहेत. करमना नदीवरील अरुविक्करा येथून १९३३ पासून शहराला नळाचे पाणी मिळू लागले. पाणी एकदा उंचावर चढवले की ते गुरुत्वाकर्षणाने आपोआप घराघरांत उतरते. माणसाने चढवायचे आणि निसर्गाने उतरवायचे, हा सायकलचा नियम नळालाही लागू आहे. जवळच्या संग्रहालयाच्या आवारात मात्र वाऱ्याची योजना दिसते. रॉबर्ट चिझम यांनी आराखडलेली आणि १८८० साली पूर्ण झालेली नेपियर म्युझियमची इमारत उंच छपरांमुळे आणि झरोक्यांमुळे आतून थंड राहते. त्याच आवारात रविवर्म्याची चित्रे पाहायला मिळतात. घामाघूम सायकलस्वाराला हे दोन्ही लाभ सारख्याच मोलाचे वाटतात.

उताराचे देणे

माथ्यावरून निघालेले सारे अखेर थंपानूरला पोचते. रेल्वेचे मुख्य स्थानक १९३१ पासून या सखल भागात आहे आणि राज्य परिवहनचे बसस्थानकही त्याच्यासमोरच. बसस्थानकाला लागून लॉरी बेकर यांनी बांधलेले इंडियन कॉफी हाऊस आहे. लाल विटांच्या त्या गोल इमारतीला वेगळा जिनाच नाही. जमीनच चक्राकार चढत जाते आणि तिच्या कडेने टेबले मांडलेली आहेत. आपण कॉफी पीत असतो तेही चढावर बसून! जन्माने इंग्रज असलेले बेकर १९४० च्या दशकात चीनहून परतताना मुंबईत जहाजाची वाट पाहत थांबले होते. त्या मुक्कामात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली आणि भारतात काम करण्याच्या विचाराने मूळ धरले. टेकडी कापून सपाट करण्यापेक्षा तिच्या उताराप्रमाणे घर बांधावे, झाड शक्यतो तोडू नये, हे सूत्र त्यांनी उळ्ळूर येथील विकास अध्ययन केंद्राच्या वास्तूंतही पाळले. २००७ साली याच शहरात त्यांचे निधन झाले.

थंपानूरची दुसरी बाजूही सांगायला हवी. जोराचा पाऊस झाला की वरच्या वस्त्यांचे पाणी येथे साचते, कारण या पाण्याला वाहून नेणारा आमयिळंचान हा ओढा रेल्वे स्थानकाच्या खालून जातो आणि कचऱ्याने तुंबतो. जुलै २०२४ मध्ये त्या ओढ्यातील कचरा काढण्यासाठी उतरलेला एक सफाई कामगार प्रवाहात वाहून गेला. दोन दिवसांच्या शोधानंतर त्याचा मृतदेह काही अंतरावर हाती आला. वर टाकलेली पिशवी पावसाबरोबर खाली येते आणि तिचा भार कोणा अनोळखी माणसावर पडतो. मोटारीच्या काचेतून हा उतार जाणवत नाही. सायकलवर असताना मात्र पाण्याबरोबर आपणही त्याच दिशेने, पायडल न मारता उतरत असतो. उतार फुकट मिळतो, असे वाटण्याचे ते क्षण. त्याचे देणे कोठेतरी, कोणीतरी भरत असते.

हा ओढा पुढे आक्कुळम आणि वेळी या जलाशयांतून समुद्राकडे जातो. या बाजूला टेकड्या मागे पडतात आणि किनाऱ्याची सपाटी सुरू होते. येथे गिअर नसलेली सायकल खऱ्या अर्थाने आपल्या राज्यात येते. वेळीच्या पुढे तुंबा आहे. चुंबकीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे हे मच्छीमारांचे गाव अग्निबाणांच्या प्रयोगांसाठी निवडले गेले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी येथून पहिला अग्निबाण झेपावला. गावातील सेंट मेरी मॅग्डेलिन चर्च शास्त्रज्ञांची कचेरी बनले. आज तेथे अंतराळ संग्रहालय आहे. अग्निबाणाचे शंकूच्या आकाराचे टोक सायकलच्या कॅरिअरवर ठेवून नेले जात असल्याचे हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर याच तुंब्यात घन इंधनावर काम करू लागले आणि १९७९ ते १९८५ या काळात येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ चे उड्डाण यशस्वी झाले ते त्याच काळात. घरमालकांची सायकल त्या चर्चजवळ उभी केली तेव्हा तिची किंमत मनातल्या मनात बरीच वाढली.

काउंटरच्या पलीकडचा चढ

या भटकंतीचा शाखेशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. आमची शाखा मुख्य रस्त्यावर, म्हणजे माथ्यावर होती. बहुतेक शाखा तशाच असतात. नोव्हेंबर महिन्यात केंद्रीय निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी येत. एका रविवारी कुन्नुकुळीच्या एका अरुंद, पायऱ्यांच्या बोळातून सायकल वर नेत असता आमच्या शाखेतील एक वृद्ध ग्राहक भेटल्या. रेल्वे कर्मचाऱ्याच्या पत्नी. कुटुंब निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या. पायरीवर बसून त्या दम घेत होत्या. मला आणि सायकलला पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “इरंगान एळुप्पम, कयरानाणु पाड.” उतरणे सोपे, चढणे हेच अवघड. एवढे मल्याळम मला तोवर समजू लागले होते.

सायकलवर असताना चढाचे देणे उताराने फिटते. घरी परतेपर्यंत दोन्ही बाजू जुळतात. पायी चालणाऱ्या वृद्धाला अशी परतफेड मिळत नाही. चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे दुखतात. भारतीय रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्तर वर्षांवरील आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना बँकांना दिल्या. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय आहे आणि नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवून मोबाइलवर दाखला देता येतो. या सोयी कोणापर्यंत आधी पोचायला हव्यात, हे ठरवण्यासाठी वय जितके महत्त्वाचे तितकाच चढही. आम्ही शाखेत निवृत्तिवेतनधारकांची यादी पुन्हा काढली आणि सखल वस्त्यांतील पत्त्यांसमोर खूण केली. त्या नोव्हेंबरात एक सहकारी आणि मी सकाळच्या वेळी अशा घरी जाऊन दाखल्याचे काम करून आलो.

त्या अम्मांनी मात्र आमचा प्रस्ताव नाकारला. दाखला घरी झाला तर आपण बाहेर कधी पडायचे, असा त्यांचा सवाल होता. महिन्यातून एकदा बँकेत येणे, ओळखीच्या चार जणींना भेटणे, परतताना पाळयमच्या बाजारातून भाजी घेणे हा त्यांचा दिवस होता. तो त्यांना हवा होता, चढासकट. त्यांच्यासारख्यांसाठी शाखेच्या दारात सावलीला एक बाक आणि पाण्याचा माठ ठेवण्यात आला. सेवा घरी पोचवणे आणि येणाऱ्याची वाट सुखाची करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. दोन्ही करावी लागतात.

बदलीवर जाणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी कोणाची बदली शिमला, ऐझॉल, मंगळूर किंवा पणजी अशा चढउताराच्या गावी झाली, तर पहिल्या महिन्यातच एखादी सायकल मिळवावी. ती उसनी असल्यास उत्तम. विकत घेतलेल्या वस्तूबरोबर पावती येते. उसन्या वस्तूबरोबर माणूस येतो. त्याच्या अटी, त्याचे जुने रस्ते आणि तो कोठे उतरून चालत असे याची माहिती आपल्याला विनामूल्य लाभते. घरमालक मला दर रविवारी आजचा रस्ता विचारीत आणि त्यावरचे पूर्वीचे झाड, दुकान, विहीर सांगत. त्यांची जवळजवळ अर्धी हयात त्या रस्त्यांवर गेली होती. आता ते स्वतः जाऊ शकत नव्हते. माझ्या हकिगतीतून ते फेरी पुरी करीत. कर्जावरचे व्याज म्हणाल तर तेवढेच.

निघताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहाटे साडेपाच ते सात ही वेळ उत्तम. रस्ते मोकळे असतात आणि ऊन नसते. डोक्यावर हेल्मेट असावे. ब्रेकचे रबर झिजले असल्यास आधी बदलावे आणि लांब उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावीत यावे. चढावर उतरून चालण्यात कमीपणा मानू नये, कारण घरांच्या पाट्या, देवळांची दारे आणि पायरीवर दम घेणारी माणसे त्याच वेगात दिसतात. आणि सायकल परत करताना चेनला तेल दिलेले असावे, दोन्ही चाकांत हवा भरलेली असावी. पुढच्या उसनवारीची पत त्यावरच ठरते.